बेटावरची हजेरी

“हजेरी!” बाबांनी स्टीलच्या पेल्यावर चमचा वाजवला.

समुद्रमोह्याच्या झाडाखालच्या लांब टेबलाशी बसलेले सगळे खाता खाता थांबले.

“फिलोमिना,” स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला. “आंबोळ्या संपत आल्यात. ज्यानं त्यानं पोटाला विचारून घ्या.”

“जॉन, सर. टंकी सब भर गया. बोट रेडी.”

“कार्तिक,” चेन्नईहून आलेला नवा नवरा म्हणाला.

“विद्या,” त्याची बायको त्याच्याकडे बघत म्हणाली. आदल्या दिवशी तिचं नाव त्यानंच सांगून टाकलं होतं आणि बाबांनी त्याला सगळ्यांसमोर झापलं होतं.

“यान,” टक्कल पडलेला डच पाहुणा उभा राहिला आणि त्यानं कडक सलाम ठोकला. त्याला हा प्रकार फारच आवडला होता.

मग बाबांची नजर माझ्यावर आली.

“मी समोरच बसलेय बाबा,” मी म्हणाले. “दिसतेय ना?”

“दिसतेस. तरी नाव सांगायचं. बोटीवरचा कायदा आहे.”

“आपण बोटीवर कुठं आहोत?”

“बेट म्हणजे नांगर टाकलेली बोटच. सांग.”

सगळे हसले. मी शाळेतल्यासारखी हाताची घडी घातली. “यामिनी मनोहर पेडणेकर.”

“मनोहर पेडणेकर, हजर,” बाबा शेवटी स्वतःचंच नाव घेऊन म्हणाले आणि त्यांनी आंबोळीला हात घातला.

या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. पण त्या सकाळचं ते टेबल अजून जसंच्या तसं दिसतं. मिठानं पांढरं पडलेलं त्याचं लाकूड, ताटल्यांवर पडलेले मोह्याच्या पानांचे डाग, मागं दोरीवर वाळत घातलेले रबरी पोशाख आणि त्या सगळ्यावर पसरलेला खोबरेल, रबर आणि माशांचा एकत्र वास. रिसॉर्ट म्हणायचं म्हणून म्हणायचं. समुद्राच्या तोंडावर पाच झोपड्या, एक स्वयंपाकघर आणि टाक्यांमध्ये हवा भरणाऱ्या कॉम्प्रेसरची खोली. पोर्ट ब्लेअरहून बोटीनं बेटावर उतरायचं आणि मग सुपारीच्या बागांमधून जीपनं यायचं. रस्ता जिथं संपतो तिथं एका फळीवर निळ्या रंगात एक कासव काढलेलं होतं. नाव वगैरे काही नाही. कासवाला नावाची गरज काय, असं फिलोमावशी म्हणायची.

फिलोमिना मूळची वसईची. तिशीत नर्स म्हणून अंदमानला आली, जॉन नावाच्या इथल्या, ब्रह्मदेशातून आलेल्या करेन जमातीतल्या माणसाशी लग्न केलं आणि राहिली. जॉन पाण्याखाली जेवढा मोकळा, तेवढा जमिनीवर अबोल. बाबा नौदलात पाणबुड्या होते तेव्हा त्यांची जॉनशी ओळख झाली होती. आईला जाऊन सहा महिने होत नाहीत तोच बाबांनी एक दिवस पुण्यात, पौड रोडच्या आमच्या घरात, जेवता जेवता सांगितलं, “मी जॉनकडे चाललोय. पाहुण्यांना पोहायला शिकवीन. तिथं माझी गरज आहे.”

मी आणि माझा नवरा संजीव त्याच घरात राहत होतो. मी ताटावरून उठले नाही. भात वाढला आणि विचारलं, “ताक देऊ?” नंतरच्या सहा वर्षांत मी एकदाही इथं आले नव्हते. दर रविवारी फोन करायचे. सुरुवात हवामानापासून व्हायची आणि शेवटही तिथंच.

आता आले होते ती त्यांना घेऊन जायला. दोन महिन्यांपूर्वी ते धक्क्यावर घसरून पडले होते. वय एकाहत्तर. धड दवाखाना गाठायचा तर बोटीत बसायला लागणार. नानाकाकांनी माझ्या मागं भुंगा लावला होता, “अगं, तो तिथं परक्यांत मरेल एखाद्या दिवशी, आणि आपल्याला कळणारसुद्धा नाही.” मी बाबांना फोनवर सांगितलं, मी येतेय आणि तुम्हाला घेऊन जातेय. वाटलं होतं वाद घालतील. पण ते म्हणाले, “ये. चार दिवस राहा, बघ. मग तू म्हणशील तसं.”

तो तिसरा दिवस होता. परवाच्या बोटीची दोन तिकिटं माझ्या पर्समध्ये होती.

“ठरलं का?” टेबलावरून उठताना बाबांनी हळूच विचारलं.

“संध्याकाळी बोलू.”

“बरं.” ते जरा घुटमळले. “चल मग, आज बोटीवर ये आमच्याबरोबर. इथवर येऊन किनाऱ्यावर पुस्तक वाचत बसलीस हे तुझ्या आईला आवडलं नसतं.”

बोट म्हणजे लांबट डोंगी होती. इंजिनाच्या आवाजात बोलणं अशक्य होतं आणि त्यामुळे मला बरं वाटत होतं. बाबा पुढच्या टोकाशी बसले होते. डोक्यावर आईनं विणलेली मळकी टोपी होती, पायात काही नाही. पाण्याचा रंग बदलत गेला. आधी दुधात नीळ टाकल्यासारखा, मग हिरवा, मग एकदम गडद. जिथं गडद रंग सुरू झाला तिथं जॉननं नांगर टाकला. तो आणि तिघं पाहुणे पाठीवर टाक्या बांधून एकेक करत उलटे पाण्यात पडले. मागं बुडबुडे राहिले. डोंगीवाला टपावर आडवा झाला.

“तुम्ही नाही जात?” मी विचारलं.

“माझं काम वर. खाली गेलेली माणसं वर आली की नाही ते बघायचं.” बाबांनी टोपी मागं सारली. “नौदलात आमचा एक माणूस मागं राहिला होता. सगळ्यांना वाटलं तो दुसऱ्या बोटीत आहे. त्याच्या मित्रानंच त्याच्या नावाला ‘हो’ म्हटलेलं. तेव्हापासून नियम झाला. ज्याचं नाव त्यानंच सांगायचं. नवऱ्यानं बायकोचं नाही, मित्रानं मित्राचं नाही.”

“मिळाला तो?”

“मिळाला. चिडलेला होता भयंकर.” बाबा हसले. मीही हसले. किती तरी दिवसांनी आम्ही दोघं एकाच गोष्टीवर हसत होतो.

डोंगी हलत होती. त्यांनी एक नारळ फोडला आणि मला खोबऱ्याचा मोठा तुकडा दिला. लहानपणी द्यायचे तसाच, दातानं कडा साफ करून. मला वाटलं, इतके ठणठणीत आहेत की, मी उगाच आले. आणि लगेच उलटंही वाटलं, ठणठणीत आहेत तर आपल्या घरी राहायला काय झालं?

पाहुणे वर आले. विद्या एका कासवाबद्दल इतक्या घाईनं सांगत होती की तिच्या नाकातून पाणी येत होतं. कार्तिक तिच्या पाठीवर थापट्या मारत होता. जॉननं टाक्या लावून ठेवल्या. डोंगीवाला इंजिनाशी गेला.

“हजेरी,” बाबा म्हणाले.

“जॉन, सर.”

“कार्तिक.”

“विद्या.”

“यान!” पुन्हा सलाम.

मी गप्प राहिले. सकाळची गंमत पुढं चालवावी असं वाटलं. बाबांच्या अगदी समोर, हातभर अंतरावर बसले होते मी, त्यांनीच दिलेलं खोबरं खात.

बाबा माझ्याकडे बघत राहिले. मी भुवया उडवल्या. डोंगीवाल्यानं इंजिनाची दोरी हातात धरून ठेवली होती.

“आणि मॅडम,” बाबा म्हणाले, “आपलं नाव?”

त्यांचा आवाज फार सौम्य होता. नव्या पाहुण्यांशी ते तसेच बोलायचे. मी हसले. मग माझं मलाच जाणवलं की दुसरं कुणीच हसत नाहीये. जॉन पाण्याकडे बघत होता.

“आपण,” बाबांनी धीर दिल्यासारखं पुन्हा विचारलं, “कुणाबरोबर आलात?”

“सर,” जॉन वळून म्हणाला, “यामिनी मॅडम. आपकी बेटी.”

एक क्षण बाबांचा चेहरा रिकामा होता. मग एकदम भरून आला. “मला काय माहीत नाही?” ते मोठ्यानं म्हणाले. “गंमत केली! बघ कशी घाबरली. चलो, स्टार्ट करो.”

परतताना ते समोर बघत बसले. त्यांचा हात टोपीच्या काठाशी चाळा करत होता.

फिलोमावशी स्वयंपाकघराच्या मागं दगडावर सुरमई साफ करत होती. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि तिनं मान वर न करता विचारलं, “झालं वाटतं बोटीवर?”

“कधीपासून?”

“बस त्या डब्यावर. दीड वर्ष झालं असेल. आधी पाहुण्यांची नावं जायची. पाहुण्यांचं काय, आम्ही पण विसरतो. मग जॉनचं गेलं. मग एक दिवस मला म्हणाले, बाई, आपण इथं नवीन का? मी हसले. मस्करी वाटली मला. संध्याकाळी आपणहून आले. डोळ्यांत पाणी. म्हणाले, फिलोमिना, सकाळी मी तुला ओळखलं नव्हतं. आत्ता कळलं मला.” तिनं मासा उलटा केला. “दुसऱ्या दिवशी टेबलावर चमचा वाजवला आणि म्हणाले, आजपासून जमिनीवर पण हजेरी.”

“म्हणजे हे त्यांनीच...”

“मग काय आम्ही? आमच्या डोक्यात कुठून येणार? प्रत्येकानं बोलायच्या आधी नाव सांगायचं. मी रात्री जेवण वाढताना पण सांगते, फिलोमिना, आमटी आणलीय. पाहुण्यांना वाटतं नेव्हीची शिस्त. फोटो काढतात.”

मला तीन दिवस आठवायला लागले. प्रत्येक दारातून, प्रत्येक पायरीवरून आलेलं ते पहिलं नाव. मीसुद्धा त्याला शिस्तच समजत होते. त्यावरून चिडवतही होते त्यांना.

“मला का नाही कळवलं, मावशी?”

“शपथ घातली होती त्यांनी. म्हणाले, यामूला कळलं तर ती मला घेऊन जाईल.”

“मग नेणारच मी. उपचार नकोत करायला? पुण्यात डॉक्टर आहेत, मी आहे.”

“ने की. बाप तुझा आहे, बाय.” तिनं पाण्याचा तांब्या माशावर ओतला. “पोर्ट ब्लेअरला दाखवलं आम्ही. गोळ्या घेतात. डॉक्टर म्हणाला, वाढत जाणार. तुझ्या घरी दिवसभर कोण असतं?”

“कुणी तरी ठेवीन.”

“ठेव. चांगली बघ मात्र. दिवसातून दहादा न चिडता नाव सांगणारी.”

मनात मी सामान भरायलासुद्धा घेतलं होतं. त्यांची औषधं, ती टोपी, गरम कपडे कुठं असतील.

दुपारी ओहोटी लागली. किनाऱ्यापासून बऱ्याच आतपर्यंत कमरेएवढं पाणी उरलं, काचेसारखं. बाबा हातात एक टाकी आणि मास्क घेऊन माझ्या झोपडीशी आले. दोन्ही खांद्यांवर टॉवेल.

“चल. इथं बुडायचं म्हटलं तरी कुणी बुडत नाही.”

जायची इच्छा नव्हती. पण त्यांना ‘नाही’ म्हणायची ती वेळ नव्हती.

पाण्यात उभं राहून त्यांनी माझ्या पाठीवर टाकी चढवली. पट्टे ओढले, एका बोटाची जागा ठेवली, झडप उघडली, तोंडात धरायची नळी स्वतःच्या तळहातावर दाबून हवा बघितली, मास्कच्या काचेवर थुंकून ती बोटानं पुसली आणि माझ्या कपाळावरचे केस एकेक करून मास्कच्या बाहेर काढले. हे सगळं करताना त्यांना काहीही आठवावं लागत नव्हतं. वाईला विहिरीत त्यांनी मला पोहायला शिकवलं होतं, पाठीला वाळका भोपळा बांधून. एका दुपारी तो भोपळा त्यांनी मला न सांगता सोडला होता आणि मी पलीकडच्या पायऱ्यांपर्यंत गेले होते. ते हात हेच होते.

“गुडघे वाकव. डोकं आत. श्वास धरून ठेवायचा नाही, एवढंच लक्षात ठेव.”

मी खाली गेले. पहिल्याच श्वासाला मी त्यांचा दंड घट्ट पकडला. नखं रुतली असणार. त्यांनी हात सोडवून घेतला नाही. दुसऱ्या हातानं माझ्या पाठीवरची टाकी धरली, सायकल शिकवताना सीट धरतात तशी, आणि मला हळूहळू पुढं ढकलत नेलं. माझ्या श्वासाचा आवाज, बुडबुड्यांचा आवाज आणि त्यापलीकडे कुठून तरी कुरुम कुरुम असा कुणी तरी फुटाणे खाल्ल्यासारखा आवाज. प्रवाळाच्या एका गोल डोंगराशी निळे-हिरवे पोपटमासे चोची लावून बसले होते. दगड खात होते. मला नळी तोंडात असतानाच हसू आलं आणि मास्कमध्ये पाणी शिरलं. बाबांनी मला वर ओढलं.

“हसायचं नसतं खाली,” ते म्हणाले आणि स्वतःच खदाखदा हसायला लागले. दंडावर चार लाल चंद्रकोरी उमटल्या होत्या. “कुसुमचीच लेक. तिनं पण मला असंच ओरबाडलं होतं, गोव्याला. वर आल्यावर म्हणाली, तुमच्या खात्याच्या माशांना जेवणाचं वळण नाही.”

मी किती तरी वर्षांत आईचं नाव त्यांच्या तोंडून हसत हसत आलेलं ऐकलं नव्हतं. आम्ही पुन्हा खाली गेलो. पुन्हा गेलो. माझी बोटं सुरकुतली तरी मला बाहेर यायचं नव्हतं.

तिथं सूर्य लवकर मावळतो. साडेपाच वाजायला आले आणि आम्ही वाळूत बसलो होतो. चहाचे पेले वाळूत रोवलेले. संध्याकाळी त्यांचं जास्त बिघडतं हे मावशीनं मला सांगून ठेवलं होतं. पण त्या वेळी तरी ते अगदी स्वच्छ होते.

“फिलोमिनानं सांगितलं ना तुला?”

“हो.”

“चांगलं झालं. लपवून दमलो होतो.” त्यांनी वाळूत बोटानं एक रेघ ओढली, पुसली. “मी घाबरलोय असं समजू नकोस. म्हणजे, घाबरलोय. पण ते वेगळं.”

“बाबा, पुण्याला चांगले डॉक्टर आहेत.”

“असतील की. डॉक्टरांबद्दल माझी तक्रार नाही.” त्यांनी बोटाची वाळू झटकली. “ते घर, यामू. तू म्हणालीस ना तेव्हा मी विचार केला. तिथं गेलो की मी तिला शोधणार. स्वयंपाकघरात नाही म्हणून गच्चीवर, गच्चीवर नाही म्हणून शेजारी. मग कुणी तरी मला सांगणार, अहो, त्या गेल्या. बिचारी तूच सांगशील. मला ते पहिल्यांदाच कळणार. दुसऱ्या दिवशी परत शोधणार. परत पहिल्यांदा कळणार.” त्यांनी समोरच्या समुद्राकडे हात केला. “इथं ती कधी आलीच नाही. त्यामुळं इथं मी तिला शोधत नाही. ती पुण्यात आहे असं वाटतं मला. आणि ते बरं आहे.”

लाटा अगदी लहान होत्या. यान लांबवर एकटाच शिंपले गोळा करत फिरत होता.

“आधी आलो तेव्हा मी पळूनच आलो होतो,” बाबा म्हणाले. “तुला सांगायला हवं होतं नीट. तू ताक वाढलंस आणि मला वाटलं, सुटलो. पण आता पळत नाहीये गं. आता नुसतं राहायचंय. तू म्हणशील तसं, हे मात्र खरं. दिलाय शब्द.”

माझ्या मनातलं सामान मी एकेक करून बाहेर काढून ठेवत होते. टोपी जागेवर, औषधं जागेवर. कधी संपलं ते काम मला कळलं नाही. पण मी तोंड उघडलं तेव्हा मला काय म्हणायचं आहे ते मला पक्कं माहीत होतं.

“बाबा...”

ते माझ्याकडे वळले आणि त्यांच्या डोळ्यांत तो बोटीवरचा सौम्यपणा आला होता.

“बोट उशिरा आहे आज,” ते म्हणाले. “कुसुमला फोन केलात का? ती जेवायची थांबेल.”

“केलाय,” मी म्हणाले. “ती जेवून घेणार आहे.”

“मग ठीक आहे.” त्यांनी पेला उचलला आणि उरलेला थंड चहा पिऊन टाकला.

मावशी चुलीशी होती. मी तिला सांगितलं, “मी नाही नेत त्यांना.”

तिनं झारा खाली ठेवला आणि माझे दोन्ही गाल ओल्या हातांनी धरले. “सांगितलंस त्यांना?”

“सकाळी सांगेन. आत्ता ते नाहीत जागेवर.”

“आत्ताच सांग. उद्या विसरले तर उद्या परत सांग. आम्ही तेच तर करतो.”

“नको. हे एकदाच सांगायचंय मला, मावशी. सकाळी ते चांगले असतात. तेव्हा सांगितलं तर राहील लक्षात. निदान दुपारपर्यंत.”

ती झारा घेऊन पुन्हा कालवणाकडे वळली.

कसं सांगायचं ते मी अंथरुणावर पडून ठरवत होते. आधी तिकिटाबद्दल सांगायचं, एकच रद्द करते म्हणून. ते चमकून बघतील. मग बाकीचं. मी खूप दिवसांनी आनंदात झोपले होते.

सकाळी उजाडता उजाडता मी दोन पेले चहा घेऊन त्यांच्या झोपडीशी गेले. एरवी त्या वेळी ते दाराबाहेरच्या खुर्चीत असायचे. खुर्ची रिकामी होती. दार नुसतं लोटलेलं होतं. ते कुशीवर झोपले होते, एक हात उशीखाली घालून. मी पेले खाली ठेवले आणि पायाला हात लावून हाक मारली. पाय गार होता.

बेटावरच्या आरोग्य केंद्रातले डॉक्टर आले. झोपेतच हृदय थांबलं, त्रास झाला नसणार, म्हणाले. जॉन पायरीवर बसला होता, गुडघ्यांत डोकं घालून. कार्तिकनं आणि विद्यानं कुठून तरी पांढरी फुलं आणली. यान टेबलाशी एकटा उभा होता. सलाम ठोकायचा हात कुठं ठेवावा हे त्याला कळत नव्हतं.

मी नानाकाकांना फोन लावला. ते लहान मुलासारखे रडले. मग नाक शिंकरून म्हणाले, “त्याला घरी आण, यामिनी. विमानानं आणता येतं. मी चौकशी करतो. आपल्या माणसांत होऊ दे सगळं. तिथं कोण आहे त्याचं?”

“मी सांगते तुम्हाला थोड्या वेळानं,” मी म्हणाले.

फिलोमावशी दारात होती. तिनं सगळं ऐकलं होतं. मला वाटलं ती काही तरी विचारेल, निदान कालचं बोलून दाखवेल. ती म्हणाली, “आत जा. थोडा वेळ बस एकटी. मी बाहेर कुणाला येऊ देत नाही.”

तिनं दार ओढून घेतलं.

झोपडीच्या चटईच्या भिंतींमधून उन्हाचे पट्टे आत येत होते. बाबांचा चेहरा सकाळचा होता, स्वच्छ. दंडावरच्या खुणा अजून पुसटशा दिसत होत्या. मी खाटेच्या कडेला बसले. त्यांच्या हातावर हात ठेवला. सहा वर्षं मी या माणसाशी हवामानावर बोलले होते.

मी जरा मोठ्यानं, पलीकडच्या खोलीतल्या माणसाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले,

“बाबा, तुम्हाला कुठंही जायचं नाहीये. तुम्ही इथंच राहा. मी येत जाईन.”